नवमीच्या दिवशी उचललेली कानस

मिस्त्री कृत्रिम पाय बनवत. स्वभाव लोण्यासारखा, पण खंडेनवमीचा विषय निघाला की माणूस हटायचा नाही. त्या दिवशी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडायची, हळद-कुंकू वाहायचं, लेथला झेंडूची माळ घालायची आणि दसरा उजाडेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. एका नवमीला घराचं कुलूप अडकलं, तर स्वारी पक्कड घेण्याऐवजी खिडकीतून आत शिरली होती. शेजारी अजून हसतात.

सून चार वर्षं त्यांच्या हाताखाली काम शिकत होती. तिला हा हट्ट कळत नसे, पण सासऱ्यांपुढे बोलायची तिची प्राज्ञा नव्हती.

त्या नवमीला पूजा आटोपून दोघं चहा पीत होते, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. रिक्षावाल्याच्या खांद्यावर भार टाकून एक नर्स आत आली. सहा वर्षांपूर्वी मिस्त्रींनीच तिला पाय बसवून दिला होता. जिना उतरताना गुडघ्याच्या सांध्यातली खीळ तुटली होती. दोनला तिची कामाची पाळी सुरू होणार होती. सणामुळे बाकीच्या रजेवर, बाळंतिणींच्या वॉर्डात ती एकटीच. हे सगळं तिने खाली मान घालून सांगितलं, आणि पाटावरची हत्यारं दिसताच म्हणाली, आज काम बंद असेल तर राहू द्या, कुबड्या घेऊन जाते.

सुनेने तिच्या पायाकडे पाहिलं. कुबड्या घेतल्यावर ही बाई तान्ही बाळं उचलणार कशी? आपण अजून शिकाऊच, आपल्याला पाप लागलं तर लागो, असं मनाशी ठरवून ती उठली आणि तिने पाटाकडे हात नेला.

"थांब," मिस्त्री म्हणाले. "तू हात लावू नकोस."

तिचा चेहरा उतरला. पण मिस्त्री स्वतः उठले, हात धुतले, पाटापुढे बसले आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मग कानस आणि पाना उचलून कपाळाला लावला.

"नियम मोडायचाच तर घरातल्या थोरल्याने मोडावा," ते म्हणाले. "दोष माझ्या माथी असू दे."

लेथवरची माळ त्यांनी हलक्या हाताने काढून सुनेकडे दिली. लेथवर पोलादाची नवी खीळ घडवता घडवता ते पांडवांची गोष्ट सांगू लागले. अज्ञातवासात जाताना पांडवांनी शस्त्रं शमीच्या झाडावर लपवली. कोणी जवळ फिरकू नये म्हणून प्रेतासारखी बांधून टांगली. वर्षभर अर्जुन बृहन्नडा होऊन नाच शिकवत राहिला. पण विराटाच्या गाई पळवल्या गेल्या, तेव्हा त्याने राजपुत्राला झाडावर चढवलं आणि धनुष्य खाली उतरवून घेतलं.

"शस्त्रं झाडावर ठेवली ती विसरायला नव्हे," मिस्त्री म्हणाले. "वेळेला हाताशी असावीत म्हणून."

सुनेने ही गोष्ट दर दसऱ्याला ऐकली होती. आज पहिल्यांदाच ती तिला कळली.

तासाभरात खीळ बसली. नर्स उठून दोन पावलं चालली आणि आभार मानू लागली. मिस्त्रींनी हाताने थांबवलं, डोळे मिटले आणि तिला भिंतीपर्यंत दहा फेऱ्या मारायला लावल्या. सातव्या फेरीला त्यांच्या कपाळावर आठी पडली. सांधा किंचित कुरकुरत होता. नर्सला ते जाणवतही नव्हतं. घड्याळाकडे बघत ती म्हणाली, चालेल हो, एवढं काही नाही.

"तुम्हाला चालेल, मला नाही," ते हसून म्हणाले. "नियम मोडलाय तर काम तरी पुरं करू दे."

त्यांनी सांधा पुन्हा उघडला, खीळ केसभर घासली, तेल दिलं. या वेळी दहाही फेऱ्या निमूट झाल्या. रिक्षा दारातच उभी होती, नर्स दोनच्या आत वॉर्डात पोहोचली.

मिस्त्रींनी कानस, पाना पुन्हा धुतला, पुसला, पाटावर मूळच्या जागी ठेवला. हळद-कुंकवाची कोयरी त्यांनी सुनेपुढे सरकवली. इतकी वर्षं ही पूजा त्यांनी कोणाला करू दिली नव्हती. तिने वर पाहिलं, तर ते भिंतीला टेकून बसले होते आणि थंड झालेला चहा मजेत पीत होते.

तिने पदर सावरला आणि आधी कानशीला कुंकू लावलं.