आखाजीची टेस्ट

"रोज रोज तारीख इचारस. याले काय कोर्टमा जानं शे?" सेंटरचे ऑपरेटर भटूभाऊ कॉम्प्युटरपुढे बसून पुटपुटले आणि तारीख न टाकताच एन्टर दाबून मोकळे झाले. मग यंत्रानं वेळ विचारली. पुन्हा एन्टर.

शेजारच्या खुर्चीवर प्रमिलाबाई वही उघडून बसल्या होत्या. हे गाऱ्हाणं त्या दोन वर्षं रोज सकाळी चहाच्या आधी ऐकत आल्या होत्या आणि रोज हसत आल्या होत्या. आज त्यांचा हात वहीवरच थांबला.

"भाऊ, तुम्ही तारीख कधीच टाकत नाही?"

"कशाले? भिंतवर कालनिर्णय शे ना."

बन्सीलाल सरांचं हे सेंटर धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत, एका घड्याळवाल्याच्या दुकानावर होतं. खाली सत्तर घड्याळं टिकटिकत असायची आणि वर हे एक यंत्र, ज्याला वेळ ठेवता येत नव्हती. बंद करून पुन्हा चालू केलं की ते सांगायचं, आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. खरी तारीख माणसानं टाकायची. चालू होतं एकोणीसशे नव्वद.

प्रमिलाबाई इथं टायपिस्ट म्हणून आल्या होत्या. मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण, मांडीवर डिक्शनरी आणि समोर इंग्रजी मॅन्युअल, अशा त्या प्रोग्राम लिहायला शिकल्या. अडलं की सरांना विचारायच्या. सर एकदाही हसले नाहीत, आणि हे प्रमिलाबाई विसरल्या नव्हत्या. महिन्यापूर्वी सर म्हणाले होते, "टेस्ट कशी कंपाइल करायची, कशी चालवायची, सगळ्या कमांड एका वहीत लिहा. मी कॉलेजात शिकवायला गेलो असलो तरी तुमचं अडायला नको."

टेस्ट म्हणजे मुख्य प्रोग्रामचे भाग आत घेऊन ते बरोबर चालतात का हे तपासणारा छोटा प्रोग्राम; तो आधी कंपाइल करायचा, म्हणजे यंत्राच्या भाषेत बांधायचा, मग चालवायचा. स्वतः करून पाहिल्याशिवाय प्रमिलाबाईंना लिहवत नसे. लोणच्याची कृतीसुद्धा त्या बरणी भरल्यावरच लिहायच्या. म्हणून काल संध्याकाळी त्यांनी टेस्टचीच परीक्षा घ्यायची ठरवली. प्रोग्राम सावद्याच्या केळी बागायतदारांच्या मंडळाचा होता: रेल्वेचे किती डबे मिळणार, कुणाची पाळी कधी, कुणी कोणत्या दिवशी घड कापायचे. त्यात त्यांनी मुद्दाम लिहिलं की एका डब्यात शून्य घड बसतात. मग नेहमीची कमांड दिली.

चौदापैकी चौदा पास.

शून्य घडांचा डबाही पास, म्हटल्यावर त्यांना नीट झोप लागली नाही. आणि आता उत्तर समोर होतं.

त्यांनी भटूभाऊंना उठवलं, आजची तारीख टाकली आणि फायलींची यादी काढली. कमांड हुशार होती. बदललेली फाइल टेस्टपेक्षा नवी असेल तरच टेस्ट पुन्हा कंपाइल करायची, नाहीतर तयार होती तीच चालवायची. नवं-जुनं ती तारखेवरून ओळखायची. यादीत सगळ्या फायली ऐंशी सालच्या होत्या. नव्वद सालची एकटी टेस्ट.

तारीख आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. त्या दिवशी मुहूर्त म्हणून सरांनी स्वतः यंत्रापुढे नारळ फोडला होता, कुंकू लावलं होतं आणि टेस्टवर आखाजीची तारीख पडावी म्हणून ती आठवणीनं टाकली होती. वर्षातून एक दिवस त्या यंत्राला खरी तारीख कळली. त्यानंतर जे जे लिहिलं ते सगळं यंत्राच्या लेखी त्याच्या दहा वर्षं आधीचं. टेस्टला नवं काही दिसलंच नाही. मुख्य प्रोग्राम दरवेळी सगळाच नव्यानं बांधला जायचा. तपासणी तेवढी आखाजीलाच थांबली होती.

"लाइट गयी व्हती ना मधमा," भटूभाऊ हळूच म्हणाले. "तेनामुळे व्हयनं आशीन."

प्रमिलाबाईंनी शून्याच्या जागी खरा आकडा लिहिला, जुनी टेस्ट पुसली आणि सगळं पहिल्यापासून कंपाइल करायची कमांड दिली. तेवढ्यात खाली जीपचा हॉर्न वाजला. सावद्याच्या मंडळाचे लीलाधरभाऊ प्रोग्रामच्या फ्लॉपी न्यायला आले होते. संध्याकाळी मंडळाच्या फळ्यावर कॉम्प्युटरची पहिली यादी लागणार होती आणि यादीत नाव असलेली माणसं उद्या पहाटे बागेत विळा घालणार होती.

सर आत आले, चप्पल काढली. "फ्लॉपी तयार?"

"सर, जरा हे बघा."

पडद्यावर टेस्ट अडली होती. जूनमध्ये पाळी ठरवण्याच्या भागात तारखेसोबत आठवड्याचा वारही घातला होता. टेस्टला त्या वाराचा पत्ताच नव्हता. नापास होणं दूरच, ती कंपाइलच होत नव्हती.

सर उभ्यानं वाचत राहिले. "परवा तर पास म्हणत होती."

"हो, सर."

"कमांडमध्ये काही चूक असेल तुमच्या."

"असेल, सर." प्रमिलाबाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली. आजचं पान होतं. *पहिली पायरी, तारीख टाका, एन्टर दाबून पुढे जाऊ नका. दुसरी, जुनी टेस्ट पुसा. तिसरी, सगळं नव्यानं कंपाइल करा. असं न केल्यास टेस्ट आखाजीचंच उत्तर देते.*

जिन्यात पावलं वाजली. सरांनी वही मिटली. "दुरुस्तीला दोन दिवस लागतील," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आज फ्लॉपी देऊ. मागाहून तपासू."

फ्लॉपी टेबलावर होत्या. प्रमिलाबाईंनी त्यांवर तळहात ठेवला. जोर लावला नाही, नुसता ठेवला.

लीलाधरभाऊ दारात आले. खांद्यावर उपरणं, हातात सावद्याच्या केळ्यांची फणी. "घ्या, ही तुमच्यासाठी. निघतो मी, भुसावळच्या फाटकात अडकलो तर संध्याकाळ व्हायची. तपासलं ना सगळं?"

भटूभाऊ कालनिर्णयाकडे बघू लागले.

"अहो, विचारतोय मी. अठ्ठावीस घरं कापणार आहेत उद्या. कापून ठेवलेला माल अन् डबा नाही, असं झालं तर मला गावात तोंड दाखवायला जागा नाही." ते हसत होते, पण थोडंसंच. मग त्यांचं लक्ष फ्लॉपीवरच्या हाताकडे गेलं. "प्रमिलाताई, तुम्ही तरी सांगा."

प्रमिलाबाईंनी सरांकडे पाहिलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ज्या माणसानं आपल्याला वाक्यावाक्यानं शिकवलं, त्याच्या देखत ते परक्याला सांगायला त्यांची जीभ वळेना. हातही उचलवेना.

खाली घड्याळवाल्याकडे अकराचे ठोके पडू लागले, एकामागून एक, कुठल्याच घड्याळाचे दुसऱ्याशी न जुळणारे. सरांनी ते सगळे संपू दिले. मग मिटलेली वही पुन्हा उघडली, आजच्या पानावर बोट ठेवलं.

"लीलाधरभाऊ," ते म्हणाले, "आजची यादी तुम्ही हातानंच करा. आम्ही आखाजीपासून काहीच तपासलेलं नाही."