यात चहा नाही

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. हिरव्या पत्र्याचा, काचेच्या पोटाचा आणि लाकडी बुचाच्या तोंडाचा. हल्लीचे स्टीलचे फ्लास्क खाली पडले तर नुसते वाजतात. मी पडलो तर संपलो. त्यामुळे माझा स्वभाव थोडा भित्रा आणि बराच तुसडा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कारखान्यात माझं पोट काच फुंकून घडवलं, एकात एक असे दोन थर केले आणि मधली हवा काढून घेतली. आतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही, एवढंच काम मला शिकवलं गेलं. ते मी इमानानं केलं. त्या इमानामुळे दोनदा माझा जीव टांगणीला लागला, ती ही हकीकत.

रायपूरच्या गोलबाजारातल्या एका दुकानातून मला कलावतीबाईंनी घेतलं, त्याला आता छत्तीस वर्षं झाली. त्यांचे यजमान भैय्यालाल तेव्हा नुकतेच मालगाडीचे गार्ड झाले होते. सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, त्यांना गार्डबाबू म्हणायचा, मीही तेच म्हणतो. मालगाडीच्या शेवटी गार्डाचा एक छोटा डबा असतो. त्यात गार्डबाबू एकटे, पुढे अठ्ठावन्न डबे, आणि बोलायला फक्त मी. माझ्यातला चहा सहा तास गरम राहतो याचं ते ड्रायव्हर धर्मपालजींजवळ कौतुक करायचे, आणि मी फुगून जायचो.

मग एक दिवस माझ्यात चहा नव्हता. मोहाची दारू होती. घरातून निघताना कलावतीबाईंनी विचारलं, तर गार्डबाबू म्हणाले, "चहा हाय." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. मला तोंड आहे पण त्याला बूच आहे, मी काय सांगणार? एका दुपारी गाडी आडवाटेच्या स्टेशनात उभी राहिली, सिग्नल मिळाला, धर्मपालजींनी शिट्टीवर शिट्टी दिली, आणि मागून हिरवा झेंडा काही हलेना. गार्डबाबू माझ्याशेजारी आडवे पडले होते. धर्मपालजी भर उन्हात अठ्ठावन्न डबे चालत मागे आले. त्यांनी माझं बूच काढून वास घेतला, मला खडीवर रिकामं केलं आणि गार्डबाबूंच्या हातात झेंडा दिला. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही.

त्या रविवारी गार्डबाबूंनी कलावतीबाईंना सगळं सांगितलं आणि ते बुद्धविहारात गेले. पंचशील ते लहानपणापासून म्हणत होते, पण पाचवं शील, नशेपासून दूर राहण्याचं, त्यांनी त्या दिवशी मनापासून घेतलं. त्यानंतर एकतीस वर्षं थेंब नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा ते भिंग लावून वाचतात. कुणाच्या लग्नात केक आला तरी आत काय घातलंय ते आधी विचारतात. लोक हसतात. पण एका घोटात आपण पुन्हा त्या डब्यात आडवे होऊ, ही त्यांची भीती खरी होती. ती फक्त कलावतीबाईंना आणि मला माहीत होती. मुलीला हे सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं.

मुलगी म्हणजे दीक्षा. तिनं हॉटेलचं शिक्षण घ्यायचं म्हटलं तेव्हा वडिलांची एकच अट होती, दारूच्या टेबलाजवळ जायचं नाही. दीक्षानं हो म्हटलं. चार वर्षांनी ती रायपूरच्या एका हॉटेलात लागली, आणि तिथले मुख्य आचारी हरिदास यांनी तिला मोठं काम दिलं. किनाऱ्यावरच्या गावांत आणि बेटांवर जायचं, तिथली जेवणं चाखायची आणि कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन जाते याची यादी करून आणायची. यादी पसंत पडली तर नव्या विभागाची जबाबदारी तिच्याकडे येणार होती. घरी तिनं यादीतलं अर्धंच सांगितलं.

"मासळीचं शिकाले जाऊन राहिली तर एकटी काहून जाते?" गार्डबाबू म्हणाले. "माझा पास हाय रेल्वेचा. आम्हीबी येतो."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि तेही आईबापांना सोबत घेऊन. दीक्षाच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी कपाटातून पाहिला.

गाड्या बदलत आम्ही मालवणला पोचलो. गार्डबाबूंचा खांदा आता दुखतो, म्हणून मी दीक्षाच्या पिशवीत होतो. मालवणात तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं, घावणे आणि सोलकढी झाली. गार्डबाबूंनी तर कोकम सरबताचा धडाकाच लावला. वेंगुर्ल्यात बांगडा खाताना कलावतीबाईंनी काटे काढता काढता स्वयंपाकिणीकडून सगळं वाटण विचारून घेतलं. इथपर्यंत सगळं सुखाचं होतं.

गोव्यात माझी झोप उडाली. दीक्षा "मॅनेजर से मिलके आती हूँ" म्हणून एकेका हॉटेलाच्या आत जायची. पेल्यात थोडी वाइन घ्यायची, तोंडात घोळवायची, थुंकायची आणि लाल वहीत लिहायची. गिळत ती कधीच नव्हती, मी साक्षीला आहे. पण बाहेर येताना दर वेळी बडीशेप चघळायची, आणि वडील दिसले की वही माझ्याखाली सरकवायची. वहीचा कोपरा माझ्या बुडाला टोचायचा. आज सापडते की उद्या, याच चिंतेत माझे दिवस जात होते.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही फेरीबोटीनं दिवाडी बेटावर गेलो. तिथं एस्पेरान्सा नावाच्या म्हातारबाईंच्या घरी कोळंबीचं हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणातलं कालवण, शिकायचं होतं. कलावतीबाई पुढच्या पडवीत मसाला निवडायला बसल्या, गार्डबाबू झाडाखाली टेकले. मागच्या खोलीत म्हातारबाईंनी दीक्षाला घरची जांभळाची वाइन चाखवली. दीक्षानं डोळे मिटले. अशी चव तिला आख्ख्या प्रवासात मिळाली नव्हती. संध्याकाळी मुक्कामी हुमणाबरोबर नीट चाखून नोंद करावी असं तिला वाटलं.

"विकत देत नाय गो मी," म्हातारबाई म्हणाल्या. "आयदान दे, भरून देते."

आयदान म्हणजे भांडं. दीक्षाकडे दुसरं भांडं नव्हतं. माझ्यातला चहा संपला होता, मी धुऊन कोरडा झालो होतो. तिनं मला पुढे केलं. तो थंड, आंबूस वास माझ्या पोटात उतरला तेव्हा मला गार्डाचा तो डबा आठवला. मित्रांनो, मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

बाहेर येताच कलावतीबाईंनी विचारलं, "काय भरून घेतलं व?"

"कोकम सरबत है, आई. शाम को पिएँगे."

परतीच्या फेरीबोटीवर दुपारचं ऊन मी म्हणत होतं. मोटारसायकली, मासळीच्या पाट्या, माणसं, सगळं खच्चून भरलेलं. बोट सुटली आणि दीक्षाचा फोन वाजला. हरिदास होते. इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून तिनं पिशवी आईच्या मांडीवर ठेवली आणि ती गाड्यांमधून वाट काढत पार पुढच्या कठड्याशी गेली.

"पाणी संपलं काय?" गार्डबाबूंनी बाटली हलवून पाहिली. "घसा सुकून राहिला."

"हे घ्या ना. पोट्टीनं कोकम सरबत भरून आणलं," असं म्हणत कलावतीबाईंनी मला त्यांच्या हातात दिलं. त्यांचा काय दोष? त्यांना जे सांगितलं होतं तेच त्यांनी पुढे सांगितलं.

माझं बूच जुनं आहे, फुगतं, अडकतं. त्या दिवशी मी ते जीव खाऊन धरलं. कलावतीबाईंनी ओढलं असतं तर निघालं नसतं. पण गार्डबाबूंना छत्तीस वर्षांची सवय. त्यांनी डाव्या अंगठ्यानं कडेला दाबलं, थोडं फिरवलं, आणि बूच निघालं. माझ्या झाकणाचाच पेला होतो. त्यात त्यांनी ओतलं. रंग कोकमापेक्षा गडद होता, पण उन्हात कोण बघतं? त्यांनी पेला ओठांजवळ नेला.

आणि हात थांबला.

वास ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. मला वाटलं, आता ते पेला खाली ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. त्यांनी कलावतीबाईंकडे पाहिलं. त्या नदीपलीकडच्या झाडांकडे बघत होत्या. बोट हिंदकळली, एक थेंब त्यांच्या अंगठ्यावर पडला. त्यांनी तो पुसला नाही. प्यायले असते तरी त्यांना कुणी बोल लावला नसता, त्यांना कोकमच सांगितलं होतं. मुलीच्या थापेनं त्यांच्यासाठी सबब तयारच करून ठेवली होती. पेला तसूभर वर गेला.

तेवढ्यात दीक्षा वळली. तिला वडिलांच्या हातात हिरवा रंग दिसला. फोनवर हरिदास बोलतच होते. ती गाड्यांना धडकत, कुणाच्या पाटीवरून उडी मारत आली. "ते खराब झालंय, फेकून द्या," एवढं म्हणाली असती तरी भागलं असतं. वही, नोकरी, सगळं झाकलं गेलं असतं. ती समोर येऊन उभी राहिली, धापा टाकत. एरवी आईबापांना हिंदीतच उत्तर देणारी पोरगी मराठीत बोलली.

"बाबा, ते कोकम नाही. वाइन आहे. माझी आहे."

"माहीत हाय मले."

"मग खाली ठेवा ना."

"ठेवता नाही येऊन राहिलं," गार्डबाबू म्हणाले. "तू घे हातातून."

तिनं पेला धरला. त्यांची बोटं सुटायला वेळ लागला. पेल्यातली वाइन तिनं कठड्यावरून नदीत ओतली. गार्डबाबूंनी माझं बूच लावलं आणि अंगठा माझ्या पट्ट्याला पुसला.

"नोकरीचं काम आहे," दीक्षा म्हणाली. "मी पीत नाही बाबा. चाखते आणि थुंकते."

"थुंकते तर लपवते काहून?"

मग गार्डबाबूंनीच सांगायला सुरुवात केली. मोहाची दारू, ती दुपार, हिरवा झेंडा.

"पोट्टीले काहून सांगता हे सारं?" कलावतीबाईंनी त्यांची बाही ओढली.

"सांगू दे. मीबी याच थर्मासात लपवत होतो. तुले चहा म्हणून सांगत होतो. हे घरातूनच शिकली ते."

"मला आधी का नाही सांगितलं?" दीक्षानं विचारलं.

"तू काहून नाही सांगितलं?"

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, ते मी त्या बोटीवर पाहिलं. बोट धक्क्याला लागताना गार्डबाबू म्हणाले, "धर्मपाल अठ्ठावन्न डबे चालत आला होता. तू बोटीच्या त्या टोकाहून आली. नसती आली तर मी प्यालो असतो बेटा." दीक्षानं त्यांचा हात धरला आणि रस्ता येईपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी मुक्कामावर दीक्षानं वही उघडी टेबलावर ठेवली. हुमण आलं. गार्डबाबू उठले. "तू कर तुझं काम. मले इथं नाही बसवत," असं म्हणून ते कलावतीबाईंना घेऊन किनाऱ्यावर फिरायला गेले. तासाभरानं परतले तेव्हा मी रिकामा, धुतलेला होतो. त्यांनी दारातूनच विचारलं, "मग, बसली का हुमणासंग?"

"हव," दीक्षा म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

मित्रांनो, इथं माझी गोष्ट आनंदात संपायला हवी. पण माझ्या बुचात जांभळाचा वास राहिला तो राहिलाच. सोडा झाला, राख झाली, रायपुरात चौबे कॉलनीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर आठ दिवस ऊन झालं. नवव्या दिवशी गार्डबाबूंनी चहा भरला, बूच काढलं, आणि ते तसंच परत लावून ठेवलं. छत्तीस वर्षांची आमची सोबत तिथं संपली. आता त्यांच्याजवळ स्टीलचा फ्लास्क आहे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्यांनी मला भंगारात मात्र घातलं नाही. त्यांनी मला दीक्षाला दिलं. तिची यादी पसंत पडली, आणि हॉटेलात चाखण्यासाठी काही न्यायचं असलं की ती मला नेते, सगळ्यांच्या समोरून. तुमच्या घरातही माझ्यासारखी मुकी भांडी असतील. त्यांना घासा, पुसा, पडू देऊ नका. पण त्याहून मोठी विनंती एकच आहे, त्यांच्यात जे भराल ते घरच्यांना सांगून भरा. कारण ज्याला तहान लागते, तो विचारत बसत नाही.

मला दीक्षाच्या हाती देण्याआधी गार्डबाबूंनी कलावतीबाईंच्या औषधांच्या डब्यातली पांढरी चिकटपट्टी माझ्या पोटावर लावली. मग भिंग डोळ्याला लावून, गाडीच्या वहीत लिहायचे त्याच गोल अक्षरात त्यांनी लिहिलं, "यात चहा नाही." आणि खाली सही केली.