पिल्लांचं पाणी

सर्जेरावांच्या हाताखाली जनावर मरत नाही, असं धायरीत एके काळी बोललं जायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आडवं आलेलं वासरू त्यांनी कोपरापर्यंत हात घालून सोडवलं होतं, आईविना राहिलेली करडं बाटलीवर वाढवली होती. पुढे शेतं गेली, गोठा गेला, गोठ्याच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली आणि खोल्या भाड्याने लागल्या. हात मात्र रिकामे राहिले. मग त्यांनी मुलाच्या मागे लागून काचेची टाकी आणवली आणि तिच्यात एंजल माशांची जोडी सोडली. साठी उलटलेल्या माणसाने मासे पाळावेत याचं भावकीला हसू आलं. हसू द्या, भावकीला दुसरं काम काय असतं?

जोडीने अंडी दिली. हे मासे दिसायला देवघरात ठेवण्यासारखे, पण स्वतःची अंडी खायला कमी करत नाहीत. म्हणून सर्जेरावांनी अंडी चिकटलेला टाकीतला फरशीचा तुकडा उचलून वेगळ्या टाकीत ठेवली. पहिल्या खेपेची पिल्लं आठ दिवसांत संपली, दुसऱ्या खेपेची पंधरा दिवसांत. ही तिसरी खेप होती. तीन आठवड्यांची पिल्लं, अंगावर पट्टे उमटायला लागलेले, पर लांबायला लागलेले. आणि रोज सकाळी पाच-सात तळाशी आडवी पडलेली असायची.

कामात कसूर नव्हती. मिठाच्या पाण्यात आर्टेमिया नावाच्या बारीक किड्यांची अंडी घालायची, दिवसभर हवा सोडायची, मग केशरी धुळीसारखं जे वळवळायला लागतं ते पिल्लांना घालायचं. नळीने तळ साफ करायचा. आणि रोज अर्धं पाणी काढून तेवढंच ताजं भरायचं. मोठ्या टाकीचं पाणी पंधरा दिवसांनी बदललं तरी चालतं, पिल्लांना रोज लागतं. पाणी अर्थातच घरच्या विहिरीचं. पिल्लं जास्त मेली की सर्जेराव पाणी जास्त बदलायचे. परवापासून तर दिवसातून दोनदा बदलत होते.

विहीर इमारतीच्या मागे होती, पणजोबांनी खोदलेली. भर मे महिन्यात आजूबाजूच्या सोसायट्यांत टँकर लागायचे तेव्हाही हिच्यात दोन पुरुष खोल पाणी असायचं. चार पिढ्या त्या पाण्यावर वाढल्या, आणि आता महिन्याच्या नातवाची दुधाची पावडर त्याच पाण्यात कालवली जात होती. सुनेला, शेफालीला, अंगावरचं दूध पुरत नव्हतं. दवाखान्यातून आल्या दिवशीच तिने विषय काढला होता.

"आबा, बाळापुरतं तरी जारचं पाणी घेऊया ना? किंवा फिल्टर लावू. मीच ऑर्डर करते."

"आमच्या विहिरीला फिल्टर?" सर्जेराव म्हणाले होते. "उद्या देवाला साबण लावशील."

 शेफालीचा नवरा इंद्रजीत मोबाइलमध्ये डोकं घालून होता. अशा वेळी तो कायम तिथेच सापडतो. शेवटी सासूने, प्रेमलाबाईंनी, तोडगा काढला. पाणी विहिरीचंच, पण त्या स्वतः वीस मिनिटं खळखळून उकळतील. सर्जेरावांचा शब्द राहिला. आपला शब्द राहिला की माणसाला बाकी काही राहिलं नाही तरी चालतं, तसं त्यांचं होतं. त्या रात्री ते दोन भाकरी जास्त जेवले.

मंगळवारी सकाळी एक मरायला टेकलेलं पिल्लू त्यांनी पांढऱ्या बशीत घेतलं. ते पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होतं. हवेचा पंप तर चालू होता, बुडबुडे येत होते, मग हे गुदमरतंय कशाने? सर्जेरावांनी पिल्लू एका बाटलीत घेतलं, दुसऱ्या बाटलीत विहिरीचं पाणी घेतलं आणि फाट्यावरचं माशांचं दुकान गाठलं. दुकानदार श्याम परभणीकडचा, तिशीचा. बोलायला गोड, पण माशांच्या बाबतीत कुणाची भीड ठेवायचा नाही.

"काका, कल्ले बघा ह्याचे," भिंग देत तो म्हणाला. "लाल पाहिजेत. हे तपकिरी झालेत. पाण्यात हवा हाय, पण रक्तच ती धरंना."

त्याने विहिरीच्या पाण्यात तपासणीची पट्टी बुडवली. पट्टीवरचा पांढरा चौकोन आधी गुलाबी झाला, मग जांभळ्याकडे झुकला. श्यामचा चेहरा बदलला.

"ह्याच पाण्यानं मारलं त्यांना. तुम्ही जितकं बदललं तितकं विष घातलं. संडासाचं पाणी झिरपतंय विहिरीत. जवळपास शोषखड्डा हाय का?"

होता. तीन वर्षांपूर्वी इमारत बांधताना इंजिनिअरने खड्डा पार पलीकडच्या कोपऱ्यात दाखवला होता. त्या कोपऱ्यात सर्जेरावांना दुकानाचा गाळा काढायचा होता. म्हणून खड्डा विहिरीपासून पंधरा पावलांवर आला. इंजिनिअर कुरकुरला तेव्हा ते म्हणाले होते, माझी जागा आहे, मी बघतो.

"नाही," सर्जेराव म्हणाले.

"घरात पिता का हे पाणी?"

"पितो की. पिढ्यान् पिढ्या पितोय."

"मोठ्या माणसाचं निभतं हो. लहान लेकरू नाही ना घरात?"

"नाही," सर्जेराव म्हणाले.

हे दुसरं 'नाही' तोंडातून कसं गेलं ते त्यांचं त्यांनाही उमगलं नाही. जीभ आपोआप वळली. 'आहे' म्हटलं असतं तर श्याम पुढे काय बोलेल ते त्यांना ऐकायचं नव्हतं, एवढंच. श्यामने सुटकेचा श्वास टाकला, लॅबमधून पाणी तपासून घ्यायला सांगितलं आणि पिल्लांना आजपासून जारचं पाणी, चिमूटभर मीठ घालून, हळूहळू द्यायला सांगितलं.

"आणि पाणी उकळलं तर?" दुकानाच्या पायरीवरून सर्जेरावांनी विचारलं.

"माशाला कोण पाणी उकळून घालतं काका?" श्याम हसला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी जाऊन लगेच सांगायचं, असं ठरवूनच ते स्कूटरवर बसले. पण आवारात शिरले तर प्रेमलाबाई विहिरीच्या काठावर चुना लावत होत्या. येत्या रविवारी बाळाला सव्वा महिना होत होता. या घराची रीत अशी, की सव्वा महिन्याने बाळंतिणीने विहीर पुजायची, ओटी भरायची, आणि बाळाच्या ओठांना विहिरीचं पाणी लावायचं. सगळ्या भावकीला आमंत्रणं गेली होती. आता सांगायचं म्हणजे पूजा मोडायची. पूजा का मोडली, तर विहिरीत घाण उतरलीय म्हणून. घाण कुठून उतरली, तर खड्ड्यातून. खड्डा तिथे कोणी खणला? आणि हे सगळं सुनेसमोर. सर्जेराव स्कूटर लावून जिना चढले. रविवार होऊ दे, सोमवारी सांगू. पाच दिवसांचा तर प्रश्न. शिवाय बाळाचं पाणी उकळलेलं असतं, उकळलेल्या पाण्यात काय राहतंय?

वीस लिटरचा जार त्यांनी मागच्या जिन्याने स्वतः वर आणला आणि टाकीच्या स्टँडखाली पडद्यामागे ठेवला. गुरुवारी दुसरा आणला. बुधवारी सहा पिल्लं मेली, गुरुवारी दोन. शुक्रवारी एकही नाही. शनिवारीही नाही. टाकीत मोजून त्रेचाळीस पिल्लं उरली आणि ती आता वर आ वासत नव्हती, एकमेकांच्या मागे पळत होती, आर्टेमिया घातला की तुटून पडत होती. सर्जेरावांना आनंद झाला. खरंच झाला, नाही कशाला म्हणा. पण पिल्लं जगली म्हणजे श्याम खरं बोलला होता.

शुक्रवारी संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. बाळाच्या पाण्याचं पातेलं गॅसवर होतं.

"अजून उकळू दे जरा."

"आवं किती?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "आटून निम्मं झालं की."

"आटू दे. अर्धा तास उकळत जा हितनं पुढं."

प्रेमलाबाईंना बरंच वाटलं. नवरा नातवाच्या पाण्यात लक्ष घालतोय, हे त्यांच्या लेखी नवल होतं. "लई शहाणं झालंय बघा लेकरू," त्या म्हणाल्या. "दोन दिस झालं, रडतच न्हाई. दूध प्यालं की नुसतं निजतंय."

सर्जेराव पाळण्यापाशी गेले. बाळ झोपलं होतं. खोलीत पडदे ओढलेले होते, त्या अंधुक उजेडात बाळाचा रंग त्यांना काही कळला नाही. त्यांनी पडदा सारायला हात नेला, आणि बाळ जागं होईल म्हणून मागे घेतला. निदान स्वतःला त्यांनी तसं सांगितलं.

शनिवारी शेफाली स्वतः चहा घेऊन त्यांच्या खोलीत आली. पाणीप्रकरणापासून ती त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. आज चहा ठेवून ती टाकीपाशी रेंगाळली, खाली वाकून पिल्लं बघितली.

"थँक यू, आबा," ती म्हणाली.

"ते कशापायी?"

"असंच. मी नाही बोलणार काही." आणि हसून निघून गेली. पूजेसाठी घेतलेल्या नव्या साडीबद्दल म्हणत असेल, असं सर्जेरावांना वाटलं. पोर मनाने चांगली आहे, सोमवारी तिलाच आधी सांगू, असंही वाटलं.

रविवारी विहिरीला झेंडूच्या माळा लागल्या. शेफालीने हिरव्या साडीत हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला, नारळ ठेवला. प्रेमलाबाईंनी कळशीतल्या पाण्यात बोट बुडवलं. सर्जेरावांनी तोंड उघडलं. पण त्यांची थोरली बहीण तुळजाबाई नेमकी तेव्हाच गाणं म्हणायला लागली, बायकांनी साथ धरली, आणि बोट बाळाच्या ओठांवर टेकलंसुद्धा. बाळाने डोळे उघडले नाहीत.

जेवणं झाल्यावर पाहुणे मासे बघायला वर आले. हसणारे तेच, आता टाकीला नाक लावून उभे. "हात हाय बाबा तुझा, सर्जा," तुळजाबाई म्हणाली. "तुझ्या हाताखाली कधी काय मेलंय का?" सर्जेराव उत्तर द्यायला वळले, तेवढ्यात खालून शेफालीची हाक आली.

"आई! याची नखं बघा! आई, लवकर या!"

तिने बाळाला गॅलरीत उन्हात आणलं होतं. उन्हात सगळं दिसलं. जांभळं खाल्ल्यावर होतात तसे बाळाचे ओठ झाले होते, नखंही तशीच.

चौघांनी बाळाला गाडीत घालून दवाखाना गाठला. बाळाला आत नेलं, नाकाला ऑक्सिजन लावला. दहा मिनिटांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या त्या घाईघाईने.

"ऑक्सिजन देऊनही रंग सुधारत नाहीये. रक्त काढलंय, ते तपकिरी दिसतंय. रक्त ऑक्सिजन धरत नाहीये. बाळाला दूध कशात देता? पाणी कुठलं?"

"विहिरीचं," प्रेमलाबाई म्हणाल्या. "पण उकळून देते मी. आताशा तर अर्धा अर्धा तास."

"उकळून जंतू मरतात, पाण्यात उतरलेलं नायट्रेट जात नाही हो आजी. पाणी आटतं आणि ते आणखी घट्ट होतं."

प्रेमलाबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, पण शेफाली मध्येच बोलली.

"नाही डॉक्टर, विहिरीचं नाही. आता आम्ही जारचं पाणी वापरतो. आई, तुम्हाला आठवत नाहीये. आबांनी आणलेत जार, मी पाहिलेत त्यांच्या खोलीत, पडद्यामागे. त्यांना चर्चा नको होती ना, म्हणून त्यांनी गुपचूप आणले. हो ना आबा?"

"कुठलं जार?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "मला न्हाई कुणी दिलं."

डॉक्टरबाईंनी हात वर केला. "हे आत्ताच्या आत्ता नक्की सांगा. विहिरीचं पाणी बंद झालं असेल तर मला दुसरं कारण शोधावं लागेल. तेवढा वेळ या बाळाकडे नाही. चालू असेल तर मी लगेच इंजेक्शन सुरू करते."

इंद्रजीत बापाकडे बघत होता. शेफालीही बघत होती, आणि तिच्या नजरेत अजून विश्वास होता. तो विश्वास सर्जेरावांना सोसवेना. 'नाही' हा शब्द जिभेवर आला होता, मंगळवारसारखाच. तो त्यांनी गिळला.

"विहिरीचंच," ते म्हणाले. "आज सकाळपर्यंत विहिरीचंच दिलंय. पाणी खराब हाय. तपासलंय मी, मंगळवारी."

डॉक्टरबाई पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. दार ढकलून आत गेल्या, आतून त्यांनी नर्सला दिलेली हाक ऐकू आली. बाहेर चौघं उभी राहिली. 

"मग ते जार?" शेफालीने विचारलं.

"पिल्लांना आणलं होतं. माशांच्या."

  हिरव्या साडीच्या ओटीतले तांदूळ अजून तिच्या पदराला चिकटलेले होते, ते तिने झटकले.

"जगली?" तिने विचारलं.

सर्जेरावांनी मान खाली घातली.

"जगली," ते म्हणाले.