शांतेने केस कापले त्या वर्षीचं झाड

शांतेचं पत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही. रोज सकाळी मी उत्तर लिहायला बसत होतो. "तुझं पत्र पोचलं" इथपर्यंत ते चांगलं जायचं.

शांता माझी धाकटी बहीण. बेळगावला एका बँकेत असते. मी धारवाडला मालमड्डीत, मधल्या भावाच्या, गोविंदाच्या घरी राहतो. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालो, लग्न केलं नाही, मागची खोली मला पुरते. फोन असताना शांतेने पत्र का लिहिलं, असं कोणीही विचारेल. माझा फोन वाजला की मला ऐकू येत नाही आणि कुसुमावतीला, म्हणजे गोविंदाच्या बायकोला, येतं. माझ्या नावाचं पत्र मात्र या घरात कोणी उघडत नाही. त्यात काही असेल असं कोणाला वाटत नाही.

"अण्णा," तिने लिहिलं होतं, "मी केस कापले. मानेच्या वर, अगदी मुलग्यासारखे. रंग लावणंही सोडलं. रोज सकाळी वेणी घालताना वाटायचं, ही मी दुसऱ्याच कुणाची तरी वेणी घालतेय. बावन्नाव्या वर्षी हे सुचलं म्हणून हसू नकोस. मला आवडलंय. चोवीस तारखेला झाडाला मी अशीच आले तर चालेल का? गोविंद काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. तुझं काय ते कळव."

माझं काय, तेच मला कळत नव्हतं. "छान केलंस" लिहिलं तर ते न बघता लिहिलेलं, म्हणजे खोटं. "तुझी इच्छा" लिहिलं तर नाराजीचा वास येतो. एकदा पानभर लिहून झालं आणि वाचून पाहिलं तर ते पुस्तकाच्या प्रस्तावनेसारखं झालं होतं. ते फाडलं.

झाडाचं सांगायला हवं. शांता लहानपणी इथल्या मिशनच्या शाळेत होती. एका वर्षी शाळेतलं ख्रिसमसचं झाड बघून आली आणि घरी झाड हवं म्हणून जेवेना. आमचे आप्पा वकील. त्यांनी एका पक्षकाराच्या बागेतून सुरूची फांदी आणून बादलीत वाळू घालून उभी केली. आईने आधी बादलीला कुंकू लावलं, कारण घरात आलेल्या कशालाही ती कुंकू लावायची. फांदीला गौरीपुढच्या माळा घातल्या, आणि शेंड्यावर दिवाळीतला सगळ्यात लहान आकाशकंदील शांतेने बसवला. तेव्हापासून दरवर्षी झाड येतं आणि शेंड्यावरची चांदणी शांताच बसवते.

आप्पा गेले, आई गेली, झाड राहिलं. आता ते रायापूरच्या रोपवाटिकेतून कुंडीसकट येतं. हळूहळू त्याला सोवळंही आलं. झाडाकडे पाय करून बसायचं नाही. त्या दिवशी कांदा-लसूण नाही. कुंडी पूर्वेच्या कोपऱ्यात. गोविंदाच्या ओळखीचे एक ख्रिस्ती मास्तर एकदा आले होते, त्यांनी सगळं बघून अदबीने विचारलं, "आणि पूजा किती वाजता?"

तरीही गोविंदाच्या दृष्टीने ते झाड म्हणजे आम्ही सुधारलेले असल्याचा दाखलाच आहे. नवा माणूस घरी आला की तो सांगतो, "आमच्याकडे साठ-सत्तरच्या दशकापासून ख्रिसमस ट्री असतो." सत्तरचं दशक खरं. साठ तो आपल्या पदरचं घालतो.

पंधरा-सोळा तारखेला आम्ही पोहे खात होतो तेव्हा कुसुमावतीने फोन गोविंदापुढे धरला. शांतेने फोनवरचा आपला फोटो बदलला होता.

"हे कोण?" गोविंद म्हणाला.

"कोण काय, तुमची बहीण."

त्याने फोन जवळ घेतला. "आजारी होती का?"

"लाल काड्यांचा चष्मा घालून कोण आजारी पडतं?"

"अगं, पण असं कसं?" त्याने फोन पालथा ठेवला. "नवरा जाऊन तीन वर्षं झाली, आणि आता डोकं हे असं. झाडाला सगळी गल्ली येते. कोणालाही वाटेल, घरच्यांनीच बसवून काढायला लावले. वकिलाच्या घरात! आपण ख्रिसमस ट्री लावणारी माणसं आहोत, अण्णा!"

आप्पांची एक आत्या लाल आलवणात, बोडक्या डोक्यावर पदर ओढून आमच्या घरी राहिली होती, ती आम्हाला दोघांनाही अंधुक आठवते. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. शांतेलाही कोणी विचारलं नव्हतं, पण तिने आपणहून कापले होते, आणि लोकांना दोन्ही सारखंच दिसणार, ही गोविंदाची अडचण होती.

"मी त्यांना पदर घ्यायला सांगू?" कुसुमावती म्हणाली.

"पदर घेतला तर अगदी तश्शीच दिसेल!"

"मग टोप मिळतात हल्ली, खऱ्या केसांसारखे."

"नाटकात काम करायचंय का तिला?"

एवढ्यात समोरच्या कृष्णाबाई कढीपत्ता मागायला आल्या. त्या स्वयंपाकघरात येतात त्या टेबलावर काय आहे ते बघतच. फोन त्यांनीच उलटा केला.

"शांताबाई का ह्या? अय्यो! तिरुपतीच्या तिम्मप्पाला जाऊन आल्या वाटतं! केस दिले! छलो आत बिडरी, फार छान झालं."

गोविंदही वकील; कोर्टात कागद बघितल्याशिवाय हो किंवा नाही म्हणत नाही, अशी त्याची ख्याती आहे. तो म्हणाला, "हौद्री," म्हणजे हो.

माझ्या खिशात शांतेचं पत्र होतं आणि तोंडात पोहे होते. पोहे नसते तरी मी बोललो असतो असं मात्र मला वाटत नाही.

गोष्ट गल्लीभर व्हायला संध्याकाळही लागली नाही. देवळात मला दोघांनी थांबवून शांतेचं कौतुक केलं. मग घरात नवी काळजी उभी राहिली. तिरुपतीला जाऊन आलेलं माणूस प्रसाद दिल्याशिवाय राहत नाही. कुसुमावतीने लाईन बझारातून मोठाले बुंदीचे लाडू सांगितले.

"प्रसाद म्हणून देऊ नकोस," गोविंद म्हणाला. "नुसते दे. लोक समजायचं ते समजतील. आपण कुठे काही बोललो?"

चोवीस तारखेला दुपारी शांता आली. मी दार उघडलं. पांढरे-काळे, आखूड केस, लाल चष्मा, निळा कुर्ता, लांब कानातले. मी तिच्या कानांकडे बघत राहिलो. इतकी वर्षं ते केसांखाली होते. ते आमच्या आईच्या कानांसारखे होते, वरून जरा दुमडलेले. हे तिला सांगावं असं मनात आलं.

"अण्णा, माझं पत्र मिळालं?"

"हो."

"मग?"

"उत्तर लिहितोय."

"मी येऊन पोचले की रे!"

"हो, ते बघितलं," मी म्हणालो आणि तिची पिशवी घेतली.

कुसुमावतीला तिला आत नेऊन सगळं नीट समजावायचं होतं, पण कृष्णाबाई त्यांच्या खिडकीत बसूनच होत्या. त्या आल्या त्या सरळ शांतेच्या पायांपर्यंत वाकल्या. वयाने त्या तिच्यापेक्षा वीस वर्षांनी तरी मोठ्या.

"अहो, हे काय करताय!" शांता मागे सरली ती चपलांच्या कपाटावर आदळली.

"तुमच्या नाही हो पाया पडत. तिम्मप्पाच्या पडते. किती लांब होती वेणी! एवढी दिलीत म्हणजे नवसही तसाच असणार."

शांतेने गोविंदाकडे बघितलं. गोविंद झाडाच्या दिव्यांची वायर तपासू लागला. कुसुमावती "पाणी आणते" म्हणून आत गेली. मग शांतेने माझ्याकडे बघितलं. मी तिची पिशवी धरून उभा होतो, तसाच राहिलो.

"कृष्णाबाई," शांता शांतपणे म्हणाली, "मी तिरुपतीला गेले नाही. बेळगावात पार्लरमध्ये कापले. मला हवे होते म्हणून."

कृष्णाबाईंनी दोन्ही हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "बरोबर आहे तुमचं. देवाला दिलेलं बोलून दाखवू नये. आजकाल लोक नारळ फोडला तरी फोटो टाकतात."

"अहो, खरंच पार्लर—"

"हो हो. पार्लर." आणि त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, की बघा, असं असावं माणसाने.

संध्याकाळी झाडाला कधी नव्हती एवढी गर्दी झाली. ज्या बायकांनी तीन वर्षांत शांतेला एकदाही हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, त्या तिला लहान मुलांच्या डोक्यावर हात ठेवायला सांगत होत्या. ती प्रत्येकीला "पार्लर" म्हणत होती आणि प्रत्येक वेळी तिचा मान वाढत होता. शेवटी तिने सांगणं सोडलं. स्टुलावर चढून चांदणी बसवली तेव्हा कोणीतरी "गोविंदा" म्हणून गजर केला. आमचा गोविंद दचकला, मग त्याला कळलं की तो गजर देवाचा आहे. लाडू संपले. कोणी कपाळाला लावून खाल्ले, कोणी कागदात बांधून नेले. तिच्याशेजारी उभं राहून काढलेला फोटो गोविंदाने आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला. खाली सगळ्यांनी हात जोडले.

"बघ अण्णा," तो मला म्हणाला, "कसं निभावलं."

दुसऱ्या दिवशी मी शांतेला बसवर सोडायला गेलो. बस लागायची होती.

"अण्णा, पुढच्या वर्षी मी येणार नाही," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतंच.

"का?" असं मी विचारलं. मूर्खासारखं.

"आधी विधवा म्हणून बाजूला बसवलं. काल देवी म्हणून मधोमध बसवलं. दोन्ही वेळा मला कोणी विचारलं? मी एवढीशी गोष्ट केली रे स्वतःसाठी, आणि तीही तिम्मप्पाच्या नावावर जमा झाली." ती हसली. "चूक माझीच. ज्याला विचारलं तो अजून उत्तर लिहितोय."

बस आली. ती चढली. खिडकीतून हात हलवला तेव्हा कानातले हलले. बस सुटेपर्यंत मी "शांते" म्हणून हाक मारायचा विचार करत होतो.

घरी येऊन मी पाकीट काढलं आणि परत ठेवलं. बंद पाकिटात धीट होणं मला जमलं असतं, पण त्याचा शांतेला काही उपयोग नव्हता. नाताळची सुट्टी म्हणून पोस्ट बंद होतं; दुसऱ्या दिवशी जाऊन मी एक साधं कार्ड घेतलं, तिथल्याच उंच टेबलावर उभ्याने लिहिलं. खाडाखोड झाली, पण दुसरं कार्ड घेतलं नाही. घेतलं असतं तर तिसरंही घेतलं असतं.

पेटीकडे वळलो तर व्याजाच्या रांगेत कृष्णाबाई.

"कुणाला हो कार्ड, या काळात?"

"शांतेला."

"अय्यो! चष्मा राहिला माझा घरी. वाचा की. तुमच्यासारख्या वाचलेल्या माणसाने तिला काय लिहिलंय, ऐकू दे मला."

रांगेतली चारदोन माणसं वळून बघू लागली. चार माणसांत मी कधी काही वाचून दाखवलेलं नाही. निरोपाच्या समारंभातसुद्धा माझं भाषण शिपायाने वाचलं होतं. कार्ड खिशात घालून "नंतर" म्हणणं सोपं होतं, आणि नंतर म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं.

मी वाचलं. "प्रिय शांते, तुझं पत्र मिळालं, उत्तराला उशीर झाला. तू तिरुपतीला गेली नव्हतीस. केस तू बेळगावात पार्लरमध्ये कापलेस, स्वतःच्या हौसेने, आणि ते मला आवडले. तुझे कान आईसारखे आहेत. पुढच्या वर्षी झाडाला ये. अशीच ये. कोणी विचारलं तर मी सांगेन. अण्णा."

खिडकीमागच्या माणसाचा शिक्का मारणारा हात थांबला होता.

"म्हणजे मी पाया पडले ते?" कृष्णाबाई म्हणाल्या.

"पडलात."

"आणि लाडू?"

"लाईन बझारचा."

"तरीच बुंदी जाड लागली मला." मग त्यांनी हातातलं पासबुक मिटलं. "पण ती सांगत होती की हो. तोंडावर सांगत होती बिचारी. मीच—" आणि एकदम त्यांचा आवाज चढला. "आणि गोविंदराव काय म्हणाले होते? हौद्री! वकील माणूस! थांबा, हे व्याज हातात पडू दे, मग जातेच त्यांच्याकडे."

म्हणजे जेवणाच्या वेळेपर्यंत घरी सगळं कळणार होतं, आणि मला त्याच टेबलावर जेवायला बसायचं होतं. कार्ड मी पेटीच्या फटीत घातलं आणि सोडलं. सोडल्याबरोबर शंका आली, बेळगावचा पिन कोड बरोबर लिहिला का, आणि "आवडले" च्या जागी आणखी काही म्हणायला हवं होतं का. पण पेटीत हात जात नाही. मी बघितलं घालून.