फोटोतला हात

झरी पाड्याच्या वरच्या कातळावर संस्थेच्या साहेबांनी पर्जन्यमापक बसवला तो ऐन उन्हाळ्यात. तेव्हा वरचा साग उघडाबोडका होता. साग पावसात पानं धरतो, वर फुलोराही झाडतो, हे साहेबांना कोण सांगणार? मग ती पांढरी बारीक फुलं मापकाच्या नरसाळ्यात साचून लगदा व्हायची नि यंत्राला पाऊस कळायचाच नाही. यंत्राने मोजलेला पाऊस हद्दीबाहेर गेला की खाली पाड्यात आपोआप भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की ओहोळाकाठची घरं रिकामी करायची, एवढा साधा हिशेब.

ते नरसाळं साफ ठेवायचं काम जमनाकडे. निसरड्या कातळावर मुळ्या धरधरून ती दर तिसऱ्या दिवशी चढायची, नि साफ नरसाळ्यावर हात ठेवून त्याचा फोटो संस्थेला धाडायची. दोन पावसाळ्यांत एक खाडा नाही. पाड्यातली माणसं भोंग्याच्या नव्हे, जमनाच्या भरवशावर झोपायची, आणि तिला त्याचा अभिमान होता.

यंदा लेकीच्या बाळंतपणासाठी तिला आशागडला जावं लागलं. कामावर बदली माणूस चालत नव्हता. म्हणून तिने धाकट्या भावाला, नविनला, गुपचूप गळ घातली. फोटो पाठवायला स्वतःचा फोनही देऊन ठेवला.

"ताई, तू बिनघोर जा. मी हाय ना," नविन म्हणाला. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. ती बिनघोर गेली.

अठराव्या दिवशी ओहोळ फुगला. भोंगा वाजलाच नाही. तुक्याचं घर गेलं, बांधलेले दोन्ही बैल गेले.

जमना धावत परतली तेव्हा पाडा गोळा झाला होता. संस्थेच्या कविताबाईंनी आपला फोन पुढे धरला. "नरसाळं फुलांनी गच्च निघालं, जमनाताई. आणि फोटो तर दर तीन दिवसांनी येत होते. हा हात तुमचाच ना?"

हात तिचाच होता. गेल्या वर्षीचा. नविनने तिच्या फोनमधले जुनेच फोटो पुन्हा पुन्हा धाडले होते.

"मी लेकीकडं होते. नविन जाणार होता," ती म्हणाली.

सगळे नविनकडे वळले. जमनाला वाटलं, आता बोलेल. चुकला असेल, आळस केला असेल, पण बोलेल.

"मला कवा सांगितलंस, ताई?" तो म्हणाला. आवाज अगदी सरळ होता. "फोन तर तुझा हाय."

लहानपणी खोटं बोलताना हा अडखळायचा. आता अडखळलाही नाही.

तुक्या पुढे आला. त्याचे पाय अजून चिखलाने भरलेले होते. "मला भावाबहिणीचं काय नको. तू सोता वर गेलीस का नाय, तेवढं सांग."

"नाही गेले," जमना म्हणाली.

तुक्याने मान वळवली. मग एकेक करून सगळ्यांनीच वळवली. त्या गर्दीत कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो नविनचा होता हे ओळखायला जमनाला मागे बघावं लागलं नाही.