मोहाखालचं लेकरू

तो आवाज वच्छलाच्या चांगल्या ओळखीचा होता. जीभ टाळूला लावून सोडली की होतो तसा, बारीक. चट्. मग जरा थांबून पुन्हा चट्. लेकरू छातीशी असायचं, तोंड लावलेलं असायचं, गाल हलत असायचे, आणि दूध मात्र हनुवटीवरून ओघळून पदर भिजवायचं. थोड्या वेळाने ते दमून डोळे मिटायचं, आणि खाली ठेवलं की भुकेने टाहो फोडायचं.

पहिल्या मुलाच्या वेळी हाच आवाज होता. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात तो जन्मला आणि भादव्यात गेला. बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आला तो फडक्यात गुंडाळलेलाच. लेकरू अंग धरत नाही तोवर नाव ठेवायचं नाही असं सासूने ठरवलं होतं, त्यामुळे त्याला नावही मिळालं नाही. आता मुलगी झाली होती. या वेळी वच्छलाने कोणाला न विचारता तिच्या कानात नाव सांगून टाकलं, चंदा. पण नावाने काय होतं? आठवडाभरात चंदाच्या तोंडूनही तोच आवाज यायला लागला आणि वच्छलाच्या काळजाचं पाणी झालं.

चांदा जिल्ह्यात, पोंभुर्ण्याकडच्या जंगलात हे गाव. दूधपितं लेकरू गेलं तर त्याला इथे जाळत नसत. मोहाच्या बुडाशी पुरत. मोहाची साल चिरली की पांढरं दूध येतं, तेव्हा आई नसली तरी झाड पाजेल, अशी त्यामागची माया. गोंडांची ही रीत कुणब्यांनी कधी उचलली ते कोणाला आठवत नव्हतं. नाल्याच्या वळणावर तसा एक जुना मोह होता. चैत्रात सगळं गाव पहाटेपासून मोहफुलं वेचायला रानात पांगायचं, टोपल्याच्या टोपल्या भरून आणायचं. त्या एका झाडाखालच्या फुलाला मात्र कोणी हात लावत नसे. फुलं पडायची, सुकायची, कुजायची.

वच्छलाची सासू गिरजाबाई. तिच्या तोंडाला लागायची गावात कोणाची टाप नव्हती, देवाची असलीच तर असेल. तिने दाराशी उभं राहून नातीचं पिणं नुसतं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

"तोच आहे," ती म्हणाली. "भूक घेऊन गेला तो. आता हिच्या तोंडानं पिऊन राह्यला."

"आत्या, असं नका ना बोलू."

"मंग काय बोलू? तुह्या छातीले दूध मावत नाई अन् पोरगी वाळून राह्यली. दूध जाते कुठी? आधी त्याले दे, मंग हिले. तेवढ्यानं शांत झाला तर झाला."

सासू दुष्ट नव्हती, हे सांगायला हवं. नातवाला पुरून आल्यावर ती चार दिवस जेवली नव्हती. पण एकदा मनाने घेतलं की बाई ऐकायची नाही. त्या दिवसापासून सकाळचं पहिलं दूध पळसाच्या पानाच्या द्रोणात पिळायचं आणि गिरजाबाईने ते नाल्यावर नेऊन मोहाच्या बुडाशी ठेवायचं, असं सुरू झालं. वच्छलाला जाता येत नव्हतं. सव्वा महिना होईपर्यंत बाळंतिणीने आणि बाळाने उन्हात यायचं नाही. खोलीला एक दार, तेही ओढून घेतलेलं. आत शेगडी, ओव्याची धुरी आणि कोनाड्यात मिणमिणती चिमणी. आपल्या लेकराचं तोंड वच्छलाने पाहिलं होतं ते त्या चिमणीच्या उजेडात. पहिल्याचंही तसंच.

संध्याकाळी गिरजाबाई द्रोण बघायला जायची आणि परत येऊन ओसरीवर बसायची. दूध जसंच्या तसं असायचं. वर सायही धरायची नाही. मुंगी चढायची नाही. गावातलं खादाड काळं कुत्रं एकदा तिच्या मागे मागे गेलं होतं, ते द्रोणाजवळ नाक नेऊन शेपूट घालून परत फिरलं.

"काऊन पीत नसेल?" वच्छलाने आतून विचारलं.

"राग गेला नाई त्याचा. कमी पडत असेल. उद्या जास्त दे."

जास्त म्हणजे चंदाच्या वाटणीचं. वच्छलाने तेही दिलं. नवरा मुखरू ठेकेदाराच्या कुपावर लाकूडतोडीला गेला होता. बाजाराच्या दिवशी येऊन तो दारातूनच लेकीचं पाऊल एका बोटाने चाचपून गेला. त्या पावलाची कातडी आता सैल झाली होती. डोक्यावरची टाळू खोल गेली होती. चंदा आधी मोठ्याने रडायची, मग बारीक रडायला लागली, मग नुसतं तोंड उघडायची. वच्छलाच्या छातीला भेगा पडल्या होत्या, तोंड लावलं की डोळ्यांतून पाणी यायचं. पण त्याहून वाईट म्हणजे तिला आता पोरीची भीती वाटू लागली होती. चट् असा आवाज आला की आपल्या मांडीवर नक्की कोण आहे, हे ती खाली वाकून बघायची.

एके सकाळी तिला उठूनही बसवेना, आणि चंदा रडेचना. गिरजाबाई मोह वेचायला गेली होती, परत आल्यावर द्रोण नेईन म्हणाली होती. वच्छलाने द्रोण भरला. छाती आता पूर्वीसारखी भरत नव्हती, जेमतेम तळ झाकला. ते एवढंसं दूध बघून तिच्या मनात जे उठलं ते भीतीचं नव्हतं, रागाचं होतं. काय व्हायचं ते होवो, आपण स्वतः जायचं. त्याच्याशी बोलायचं. आई म्हणून एवढा तरी हक्क आहे की नाही? तिने चंदाला पदराखाली घेतलं, दार लोटलं आणि बाहेर पाऊल टाकलं. उजेडाने तिचे डोळे दिपले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

नाल्याच्या वळणावर ऊन चांगलं वर आलं होतं. मोहाला एक पान नव्हतं. खाली फुलांचा थर पडला होता, पावलं बुडत होती, वास इतका दाट की डोकं जड व्हावं. दुसऱ्या झाडांखाली फुलं पडताना टप टप आवाज येतो. इथे फुलं पडताना दिसत होती, आवाज नव्हता. वच्छला मुळांशी बसली. कालचा द्रोण तिथेच होता, पांढरा, भरलेला. तिने आजचा शेजारी ठेवला.

"घे," ती म्हणाली. हाक मारायची तर काय म्हणून मारायची, ते तिला कळेना. "घे रे बाबा. पन हिले सोड. ही तुही बहीन हाय."

आणि जमिनीतून आवाज आला. चट्.

तिने पदरावरूनच चंदाला आवळून धरलं. मुळांच्या बेचक्यातून, अगदी जवळून. चट्. तेवढ्यात पदराखाली चंदा चाळवली, चाचपडत छातीला लागली, आणि तिनेही सुरू केलं. एक खालून, एक वरून. मध्ये तेवढंच थांबणं, तेवढाच दम. वच्छला ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिची भीती कुठे गेली ते तिलाच कळलं नाही. तिच्याच लेकराचा आवाज होता तो. त्याच्या दमण्याला, मध्येच थांबण्याला ती किती रात्री जागली होती! पोट भरल्याचा आवाज तो कधीच नव्हता. पिणाऱ्याचा आवाज असा नसतो.

चंदाची पकड सुटली. तिने सगळा जीव गोळा करून एकदाच टाहो फोडला, तोंड आभाळाकडे करून. ऊन सरळ त्या उघड्या तोंडात पडलं. वच्छलाने पहिल्यांदाच लेकीची जीभ पाहिली.

जीभ वर येत नव्हती. ती उठायला बघायची आणि खालीच राहायची. टोक मधोमध ओढलेलं, आणि त्याखाली एक पांढरट दोरी, पार शेंड्यापर्यंत. धार काढताना वासराला दाव्याने बांधून ठेवतात, ते गाईकडे झेप घेतं आणि दावं त्याला मागे खेचतं, तसंच. वच्छलाने करंगळी आत घालून बघितली. दोरी बोटाला टचकन लागली.

ती दोन्ही द्रोणांकडे बघत राहिली. भरलेले. न प्यालेले. राग कसला आणि काय कसलं? त्याला पिताच येत नव्हतं. जिवंत होता तेव्हाही येत नव्हतं, आणि अजूनही येत नव्हतं.

"सुकरीबाई!" ती किंचाळली. "वो सुकरीबाई!"

सुकरी ही गावची सुईण. तिचा मोह नाल्यापलीकडेच होता. ती टोपलं टाकून पाण्यातूनच धावत आली. दोन्ही बाळंतपणं तिनेच केली होती, पण पाचवी झाली की सुईणीचं काम संपतं, मग तिला त्या खोलीत कोणी बोलावत नाही. तिने चंदाला उन्हाकडे धरलं, हनुवटी दाबली आणि बघितल्याबरोबर कपाळावर हात मारला.

"अंधारात कोनाले दिसते वो पोरी?" ती पुटपुटली. "माह्या बी नजरेतून सुटलं. डोकं धर हिचं. हालू देऊ नको."

सुकरीच्या उजव्या करंगळीचं नख वाढवलेलं होतं. सुईणी ठेवतात तसं. तिने ते पदराने खसखसून पुसलं, नाल्याच्या पाण्याने धुतलं, आणि करंगळी चंदाच्या जिभेखाली नेऊन एक झटका दिला. चंदा कळवळली. रक्ताचा थेंब आला, दुसरा आला.

"लाव आता. लाव लवकर."

वच्छलाने छातीला लावलं. दुखेल म्हणून तिने दात आवळून धरले होते, पण या खेपेला दुखलं नाही. काहीतरी मऊ आणि रुंद खालून वर आलं आणि त्याने ओढलं. आवाज बदलला. घट. घट. घट. हनुवटी कोरडी. वच्छलाला हसू आलं आणि हसता हसता ती हुंदके देऊन रडायला लागली. पोरगी जगणार होती. नुसतं एक नख लागलं होतं, आणि ती जगणार होती.

"अवं, तुले अक्कल हाय का?" नाल्याच्या काठावरून गिरजाबाई ओरडत आली, डोक्यावर मोहाचं टोपलं तसंच. "सव्वा महिना झाला नाई अन् कच्च्या लेकराले घेऊन इथी..." आणि ती थांबली. तिने ऐकलं. नात पीत होती, धावून आलेल्या गुरासारखी पीत होती. गिरजाबाईने टोपलं उतरवलं. सुकरीने चार शब्दांत काय झालं ते सांगितलं.

"अन् तो?" गिरजाबाईने विचारलं. "त्याले बी होती का दोरी?"

सुकरीने मान खाली घातली. त्याची जीभ तिने कधी बघितली नव्हती, पण आता न बघताही कळत होतं.

"म्या म्हनलं होतं, याले जगायचंच नाई," गिरजाबाई म्हणाली. "पाजू नको आता, झोपू दे, म्हनलं होतं." एवढं बोलून ती फुलांवर मटकन बसली. 

तेव्हा खालून आवाज आला. चट्.

इतके दिवस द्रोण ठेवून जाणाऱ्या गिरजाबाईने तो पहिल्यांदा ऐकला. तिने वच्छलाचा दंड घट्ट धरला. चंदा तर पीत होती, घटाघट पीत होती. हा आवाज तिचा नव्हता. चट्. जरा थांबून पुन्हा. दमलेला.

"सुकरीबाई," वच्छला म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "त्याची बी सोडा."

सुकरीने तिच्याकडे पाहिलं. हसली नाही, वेड्यात काढलं नाही. "गेलेल्याच्या तोंडात बोट घालता येत नाई, पोरी," ती म्हणाली. मग तिने झाडाकडे मान वळवली. "पन माय तर हे झाड आहे ना त्याची. हिलेच सोडते."

फुलावर आलेल्या मोहाला लोखंड लावत नाहीत. सुकरीने कमरेचा विळा काढला, झाडापुढे गुडघे टेकले आणि गोंडीत काहीतरी पुटपुटून माफी मागितली. आधी तिने करंगळीचं तेच नख सालीवर ठेवलं, रक्त लागलेलं, आणि मुळाच्या बेचक्याच्या बरोबर वर खालून वर एक रेघ ओढली. मग त्या रेघेवरून विळा फिरवला. साल उकलली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग चिरेतून पांढरं दूध आलं, थेंब थेंब, मग धार धरून, आणि मुळावरून ओघळत खाली मातीत जायला लागलं.

गिरजाबाई पुढे सरकली. दोन्ही द्रोण तिने उचलले आणि त्याच ओघळात हळूच ओतले. 

चट्, असं झालं. मग बराच वेळ काही नाही. चंदाही पिता पिता थांबली, जणू तीही कान देत होती. 

आणि मग मातीखालून, मुळांच्या आतून आवाज आला. घट.

घट. घट.

सुकरीने विळा फुलांत पुसला आणि नाला ओलांडून गेली. गिरजाबाई तिथेच बसून राहिली, तळवा मातीवर ठेवून, निजलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा. ऊन डोक्यावर आलं. टप टप आवाज करत झाडावरून फुलं पडायला लागली. चंदाने पुन्हा पिणं सुरू केलं, आणि दोघांचं पोट भरेपर्यंत वच्छला तिथून उठली नाही.