साखर बोलत होती

"पी गं राणी, सगळा पी," म्हणत फिलोमीनाने ग्लासच्या बुडाला बोट लावून तो वर उचलला आणि लोरेटा संत्र्याचा रस घटाघटा पीत राहिली.

 टेबलावर खारवलेल्या मांसाबरोबर उकडलेल्या सलगम-कोबीची वाफ विरत चालली होती. फिलोमीनाची एकोणीस वर्षांची मुलगी कॉलीन हातात काटा तसाच धरून आत्याकडे, लोरेटाकडे बघत होती. रस आणला होता लोरेटाच्या नवऱ्याने, अ‍ॅम्ब्रोजने. आता तो फ्रीजला पाठ टेकून उभा होता.

"साखर एकदम घसरली बघ," फिलोमीना म्हणाली. "ती नाही बोलली रे अ‍ॅम्ब्रोज. साखर बोलत होती."

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

फिलोमीनाने त्यावर मुरंब्याचे दोन मोठे चमचेही भरवले. लोरेटाने आज्ञाधारकपणे तोंड उघडलं.

सकाळी डर्मॉटच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना झाली होती. डर्मॉट म्हणजे लोरेटाचा धाकटा भाऊ, फिलोमीनाचा नवरा. अकरा वर्षांपूर्वी असाच एप्रिल होता, खेकड्यांचा हंगाम नुकता उघडला होता आणि अ‍ॅम्ब्रोजच्या बोटीवरून डर्मॉट समुद्रात गेला. लाट आली, अ‍ॅम्ब्रोजने धरलेला हात सुटला. गावाला एवढंच ठाऊक होतं, आणि एवढंच पुरेसं मानून गाव गप्प राहिलं होतं. प्रार्थनेनंतरचं जेवण दरवर्षी लोरेटाकडे असे. आज जेवताना फिलोमीना कौतुकाने म्हणाली होती, "यंदा आमची कॉलीन जाणार हं अ‍ॅम्ब्रोजच्या बोटीवर."

लोरेटाने कोबीचं भांडं पुढे सरकवलं आणि म्हणाली, "पाठव की. तिचाही हात सोडेल तो."

नवव्या वर्षापासून ती इन्शुलिनवर होती. दंडाला चिकटवलेला सेन्सर तिच्या फोनवर साखरेचा आकडा दाखवी; चार ते आठ म्हणजे ठीक. साखर चारच्या खाली गेली की तिला शुद्ध असून नसल्यासारखी होई. अशा वेळी तिने एकदा पाद्रीबाबांना चोर म्हटलं होतं, एकदा अ‍ॅम्ब्रोजला बूट फेकून मारला होता. शुद्धीवर आल्यावर तिला काही आठवत नसे, आणि गाव हसून सोडून देई. त्या सगळ्या वेळा खऱ्या होत्या. आजची तशी नव्हती. बोलायच्या मिनिटभर आधीच तिने फोनवर आकडा पाहिला होता. सहा पॉइंट नऊ. इतका शहाणा आकडा तिला महिन्यातून दोनदा दिसायचा.

रसाचा ग्लास पुढे आला तेव्हा ती म्हणू शकली असती, नको, मी ठीक आहे. तिने दोन्ही हातांनी तो धरला. वर हात थोडे थरथरवलेही.

पाहुणे गेले. अ‍ॅम्ब्रोज खेकड्यांचे सापळे दुरुस्त करायला धक्क्यावरच्या खोपटात गेला. भांडी विसळताना लोरेटाच्या घशाला कोरड पडली, डोकं ठणकू लागलं. आकडा सतरा पॉइंट आठ. तिने पोटात आठ युनिट टोचून घेतले. तासाभराने पाहिलं तर सोळा. इन्शुलिनला वेळ द्यावा लागतो, हे ती झोपेतही सांगू शकली असती. तरी तिने आणखी सहा टोचले. सुई टोचताना दुखलं, आणि ते दुखणं तिला बरं वाटलं.

आणखी दीड तासाने कोट चढवून ती धक्क्याकडे निघाली. काय सांगायचं ते तिने वाक्यासकट ठरवलं होतं.

अर्ध्या उतारावर वाक्य विरघळलं. पायांखालची वाट लोकरीसारखी मऊ झाली. खाडीत अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते. ते पांढरे आहेत की तिच्याच डोळ्यांपुढे पांढरं येतंय, हे तिला ठरवता येईना. ती कुणाच्यातरी पालथी घालून ठेवलेल्या होडीला टेकली आणि तशीच खाली घसरली.

"तोंड उघड. चाव. हं, अजून एक."

अ‍ॅम्ब्रोज गुडघ्यांवर बसून तिला ग्लुकोजच्या गोळ्या भरवत होता. त्याला धाप लागली होती. चौथ्या गोळीनंतर तिला त्याची दाढी दिसू लागली, सहाव्या गोळीनंतर त्याचे डोळे.

"फोन बोंबलला माझा," तो म्हणाला. "दोन पॉइंट सहा. किती टोचलंस?"

"चौदा."

"वेडी आहेस का तू?"

 तो तिच्या शेजारी ओल्या गवतावर बसला. 

"अ‍ॅम्ब्रोज, दुपारी माझी साखर पडली नव्हती."

"सहा पॉइंट नऊ होती."

ती वळली. त्याचा फोन फक्त घसरण झाली की ओरडतो, अशीच तिची समजूत होती.

"सगळं दिसतं त्यात," तो म्हणाला. "दर पाच मिनिटांनी. बोटीवरही बघतो मी."

"मग रस का आणलास?"

"फिल बघत होती तुझ्याकडे. पोरगी बघत होती. काहीतरी आणायलाच हवं होतं."

लोरेटाने तोंडावर हात ठेवला. रडू येईना. 

"तू चिडला का नाहीस माझ्यावर?"

"चिडू कशाला? अकरा वर्षं वाट बघतोय, कुणीतरी हे म्हणेल म्हणून. चौकशीला आलेल्या साहेबाने चार प्रश्न विचारले. पाद्रीबाबांनी खांद्यावर हात ठेवला. तू जेवायला वाढलंस." त्याने गवताची काडी उपटली. "तू कधी विचारलंच नाहीस."

"आता विचारते."

"थांब. आधी आकडा पाचावर जाऊ दे. नाहीतर उद्या म्हणशील, साखरेने विचारलं."

तिला हसू आलं, आणि हसण्याचीच लाज वाटली. दोघं थांबली. तीन पॉइंट आठ. चार पॉइंट तीन. तिच्या कपाळावरचा घाम वाऱ्याने गार झाला. त्याने स्वतःची टोपी काढून तिच्या डोक्यावर ओढली. पाच पॉइंट एक झाल्यावर त्याने फोन तिच्यापुढे धरला.

"काय झालं होतं त्या दिवशी?" तिने विचारलं.

"एका हाताने त्याला धरलं होतं, दुसऱ्याने कठडा. कठड्यावरचा हात निसटायला लागला." तो थांबला. "सगळे म्हणतात सुटला. सुटला नाही, लोरेटा. मी सोडला. त्याच्या लक्षात आलं ते."

खाली धक्क्यावर कुणीतरी इंजिन सुरू केलं, बंद केलं. लोरेटा हलली नाही. त्याच्यापासून दूर सरली नाही आणि जवळही गेली नाही. 

"कॉलीनला सांगणार आहे मी," अखेर तो म्हणाला. "आत्ताच. फिललाही. मग माझ्या बोटीवर यायचं की नाही, ते तिचं तिने ठरवावं."

तो उठला, पँटवरचं गवत झटकलं आणि फिलोमीनाच्या घराच्या दिशेने चार पावलं गेला.

"थांब, मी येते."

"तू कुठे येतेस? घरी जा. तुझी साखर..."

"माझी साखर ठीक आहे," लोरेटा म्हणाली.